ओसरीवरचा माणूस

१९६७ सालची गोष्ट. त्या वर्षी हिवाळा हटता हटेना, आणि झाग्रेबच्या बाजूला, द्रावा नदीकाठच्या आमच्या टोपोलनिक गावात दर दोन-तीन घरांआड कोणी ना कोणी काचेवर चित्र रंगवत बसलेलं असायचं. शेतं गोठलेली असताना आमच्याकडची माणसं दुसरं करणार काय? आधीच्या पिढीत दोघातिघांनी हा नाद सुरू केला, शहरातून माणसं ती चित्रं बघायला यायला लागली, आणि मग गावाला लागणच झाली. चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारासुद्धा कोंबडे रंगवायचा. त्याचे कोंबडे बदकांसारखे दिसायचे, पण तेही विकले जायचे.

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला चार वर्षं झाली होती. माझा नवरा मिश्को जर्मनीत वीटभट्टीवर होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात सासरे इम्ब्रा, म्हणजे आमचे बाबा, नणंद टोन्का आणि मी. टोन्का तेव्हा पंचवीसची असेल. उंच, हाडाची रुंद, हात मात्र लहान मुलीसारखे. लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, "वहिनी, तुझा नवरा जर्मनीत आणि तू इथं. असलं लग्न मला नको. त्यापेक्षा काच बरी, रात्री जागेवर सापडते."

ती लात्स्को मास्तरांकडे शिकायला जायची. शेजारच्या गावात राहणारे हे मास्तर काही शाळेतले नव्हते. डुकरं पाळायचे आणि रंगवायचे. दर रविवारी चर्च सुटलं की त्यांच्या स्वयंपाकघरात पाच-सहा जणं काचा घेऊन बसायची. मी दोन-तीनदा टोन्काबरोबर गेले, म्हणून मला त्यांचं बोलणं अजून आठवतं.

"काचेवर सगळं उलटं," ते म्हणायचे. "कागदावर आधी आभाळ, मग झाड, मग झाडावरचा पक्षी. आपल्याकडे आधी पक्ष्याचा डोळा, मग पक्षी, मग झाड, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. कोटाआधी बटण. गालाआधी गालावरचा मस. जे पुढं आहे ते आधी. एकदा मागचं चढलं की पुढचं बदलता येत नाही. देवालासुद्धा नाही."

पद्धत अशी की काचेखाली रेखाटनाचा कागद ठेवायचा, वरून रंगवत जायचं आणि शेवटी काच उलटवायची. चित्र बघायचं ते दुसऱ्या बाजूनं, कोऱ्या काचेतून. रंगवताना डावीकडे असलेलं मग उजवीकडे दिसतं. कोंबडे, बर्फातली झाडं, लग्नाची वरात रंगवायची तर यानं काही बिघडत नाही. कोंबड्यानं डावीकडे बघितलं काय, उजवीकडे बघितलं काय.

टोन्का चार वर्षं तेच रंगवत होती. हात फार चांगला बसला होता तिचा. नदीकाठच्या विलो झाडाच्या फांदीवरचा बर्फ ती अशी काढायची की काचेला हात लावला तर बोट गार पडेल असं वाटावं. संध्याकाळी चमचा दिव्यापुढे धरून त्याच्या पाठीवरचा उजेड बघत बसायची, अर्धा अर्धा तास. बाबा चिडायचे. "अगं, त्या चमच्यानं सूप पी. थंड होतंय."

एका रविवारी मास्तरांनी तिची काच उचलली, खिडकीपाशी नेली आणि परत ठेवली.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "डोकं आळशी आहे."

"काय चुकलं, मास्तर?"

"काही नाही चुकलं. हे माझे कोंबडे आहेत. हे झाडही माझं. ही वरात या स्टेव्हाच्या बापानं काढलेली. यात तुझं काय आहे? तुझ्या डोळ्यांनी काहीच बघितलं नाहीस का आजवर?"

बाकीचे हसले. टोन्काचे कान लाल झाले. घरी येताना वाटभर ती पुढं पुढं चालत होती. फाटकापाशी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "बघितलंय मी. रंगवीन."

तिनं पूर रंगवायला घेतला.

पुराला दोन वर्षं झाली होती. द्रावा नदी एका सकाळी बांध फोडून गावात शिरली होती. मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळे मी जे सांगते ते ऐकलेलं. पाणी खालच्या टोकाच्या घरांत खिडक्यांच्या चौकटीपर्यंत आलं. गुरं गेली, गवताच्या गंजी तरंगत गेल्या. माणूस मात्र एकच गेला, तोही लहान. युल्काचा मुलगा ब्लाझ, आठ वर्षांचा. युल्का विधवा बाई, खालच्या टोकाला राहायची. पोर वाहत येऊन आमच्या गल्लीतल्या विलोच्या झाडाला अडकलं, काही वेळ फांदी धरून राहिलं, आणि मग सुटलं. लोकांना एवढंच कळलं, कारण त्याची लाल टोपी दुसऱ्या दिवशी त्या झाडावर सापडली. बघितलं कोणीच नाही, असं सगळे म्हणत होते.

ते झाड आमच्या आणि शेजारच्या बोल्टोकाकांच्या घरांच्या मधे होतं. दोन्ही घरं आमच्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं एकाच वर्षी बांधलेली. तीच पांढरी भिंत, तीच उंच जोत्यावरची लाकडी ओसरी, तेच चार खांब. पुढं भावाचं घर बोल्टोकाकांच्या वडिलांना विकलं गेलं. मधोमध झाड आणि झाडामागे चर्चचा मनोरा. नदीकडून बघितलं तर डावीकडचं घर आमचं, उजवीकडचं बोल्टोकाकांचं. एरवी त्यांच्या दारात नाशपातीचं बुटकं रोप होतं, आमच्या दारात विहीर होती. पण पुरात हे सगळं पाण्याखाली. वर राहिली ती फक्त छपरं आणि ओसऱ्या.

टोन्कानं त्या चित्रावर सबंध फेब्रुवारी घालवला. मला जवळ येऊ द्यायची नाही. "बघू नकोस वहिनी, अजून नाकंच आहेत नुसती." कधीकधी काच डोक्यावर धरून खालून बघायची, पण वीतभर तुकडाच, एखादा हात, एखादी लाट. पाण्याचा रंग तिला जमत नव्हता. तपकिरी पाण्यावर आभाळ कसं दिसतं, ते बघायला ती नदीवर जायची आणि नखं निळी करून परत यायची. मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं असं ते पहिलंच पाणी. तीन वेळा खरवडलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा तिनं मला गोठ्यात येऊन मिठी मारली, रंगाचे हात तसेच. माझं ते जाकीट पुढं कधी स्वच्छ झालंच नाही.

मग एका दुपारी आभाळही लावून झालं. तिनं मला बोलावलं, दोन्ही हातांनी काच उचलली आणि उलटवून खिडकीत उभी केली.

मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. पाणी हलत होतं. विलोच्या झाडावर लाल टोपीचं पोर होतं, तोंड उघडं. आणि उजवीकडच्या घराच्या ओसरीवर एक माणूस उभा होता, टोपी डोळ्यांवर ओढलेला, हाताची घडी घालून. त्याच्या पायाशी खांबाला बांधलेली होडी होती. तो पोराकडे बघत होता. बघत होता, बस.

"किती सुंदर केलंस गं!" मी म्हणाले आणि वळून बघितलं. टोन्काचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला वाटलं, दमली.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि काचेवर चादर टाकली.

ईस्टरनंतरच्या रविवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन असायचं. आगीचे दोन बंब बाहेर अंगणात काढायचे आणि आत दोऱ्यांवर चित्रं टांगायची. टोन्का नाही म्हणत होती, पण मास्तर स्वतः घोडागाडी घेऊन आले आणि काच गवतात ठेवून घेऊन गेले. टोन्का दारात उभी होती. अडवलं नाही तिनं.

हॉलमध्ये त्या चित्रापुढं इतकी गर्दी झाली की घंटावाल्याचे कोंबडे कोणी बघेना. मास्तर कोपऱ्यात उभे राहून आपल्या टोपीशी चाळा करत होते. त्यांना रडू येत होतं की काय कोण जाणे. शहरातून आलेला एक गृहस्थ, गळ्यात रुमाल बांधलेला, चित्रासमोरून हलेना. अर्ध्या तासात चित्र विकलं गेलं होतं. त्याच संध्याकाळी तो ते घेऊन जाणार होता.

एवढ्यात बोल्टोकाका आले. जाडजूड, हसरा माणूस, वर्षभर एकच टोपी घालणारा. प्लमची दारू थोडी झालेली होती.

"अरे, ही तर माझी ओसरी!" ते ओरडले आणि बायकोला हाक मारली. "त्रेझा, ये इकडं, बघ! आपली ओसरी! आणि हा कोण, मी? टोन्के, माझं पोट एवढं आहे का गं? जरा तरी दया करायचीस!"

दोघंचौघं हसले. घंटावाला नाक काचेला लावून बघत होता. तो म्हणाला, "ए पोरी, नदी उलटी वाहतेय तुझी! ओंडके बघ, चढावर निघालेत!"

"तू आधी तुझ्या बदकांना चोच काढ," कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

मग तो हशा थांबला, कारण युल्का आत आली होती. ती कधी प्रदर्शनाला येत नसे. काळा रुमाल, हातात काही नाही. लोकांनी आपोआप वाट दिली. ती चित्रासमोर उभी राहिली. टोपी बघितली. पोराचं तोंड बघितलं. मग तिची नजर हळूहळू उजवीकडे गेली, ओसरीवर, होडीवर, आणि तिथून वळून बोल्टोकाकांवर येऊन थांबली.

"तू घरी होतास?" तिनं विचारलं.

"मी? नाही गं. मी गुरं घेऊन बांधावर गेलो होतो."

"कोणी पाहिलं तुला?"

"पुरात कोण कोणाला बघतंय, युल्का?"

ती गेली. तिच्यामागून एकेक करत लोक निघून गेले. बोल्टोकाका चित्रासमोर एकटेच राहिले. त्यांच्या हातातला पेला अजून अर्धा होता.

पुढचे पाच आठवडे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून सांगते. आमच्याकडे कोणी कोणाला शिव्या देत नाही. फक्त जागा सोडतात. चर्चमध्ये बोल्टोकाकांच्या बाकावर कोणी बसेना. गावच्या भट्टीत पाव भाजायला बायका एकमेकींना हाका मारून जायच्या. त्रेझाच्या फाटकावरून जाताना हाक थांबायची, पुढच्या फाटकापाशी परत सुरू व्हायची. एका सकाळी त्यांच्या ओसरीच्या खांबाला कोणीतरी होडीचा जुना दोर गुंडाळून ठेवला होता. बोल्टोकाकांनी तो सोडवला आणि नीट गुंडाळी करून कुंपणावर ठेवला, जणू ज्याचा असेल त्यानं घेऊन जावा. त्यांचं हसणं गेलं. मी कुंपणापाशी "कसं चाललंय, काका?" विचारलं तर म्हणाले, "चाललंय, सूनबाई. तूच एक विचारणारी."

आमच्या घरात टोन्का जेवेना. साय आणि ताजं चीज पुढं ठेवलं तरी नुसती बघत बसायची. बाबाही गप्प झाले होते, पण ते तर पुरापासूनच गप्प होते. आम्ही समजायचो, वय झालं.

एका पहाटे मी गाय पिळत असताना टोन्का माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, ती बोल्टोकाकांची ओसरी नाही."

माझे हात थांबले.

"आपली आहे. मी कागद उलटवायला विसरले. कोंबडे काढून काढून सवयच नव्हती. कागदावर मी आपलं घर डावीकडेच काढलं होतं, जिथं आहे तिथं. काच उलटवली तेव्हा दिसलं."

"मग तो माणूस..."

"बाबा." तिनं गाईच्या पाठीवर कपाळ टेकलं. "मी माळ्यावर होते, झरोक्यापाशी. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि पलीकडं झाड. मी ओरडले, पण पाण्याचा आवाज केवढा. ते हलले नाहीत. होडी पायाशी होती आणि ते हलले नाहीत. दोन वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. मास्तर म्हणाले, डोळ्यांनी बघितलेलं रंगव. मी ठरवलं, रंगवीन, मग जे व्हायचं ते होवो. आणि काच उलटवली तर तो माणूस पलीकडच्या घरात गेलेला."

"मग तेव्हाच सांगायचंस ना गं! चित्र पाठवायचं नाहीस!"

"मला बरं वाटलं, वहिनी." हे ती इतकं हळू बोलली की गाईच्या रवंथाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं. "तो माणूस आपल्या घरात नाही हे बघून मला आधी बरं वाटलं. एवढा बारकाईनं काढलेला, आणि आपला नाही. मग वाटलं, कोणाला काय कळणार, चित्र आहे नुसतं. खरं सांगू? मला मधेच कळलं असेल. तुकडे बघताना. पण मी कळू दिलं नाही स्वतःला."

मी दूध तसंच सोडून उठले. तिला जवळ घ्यावं की थोबाडीत द्यावी, ते कळेना.

त्याच दुपारी युल्का आमच्या घरी आली. बाबा टेबलाशी पेरायचे बटाटे कापत बसले होते, प्रत्येक तुकड्याला डोळा राहील असे. युल्का बसली नाही.

"टोन्का, तू माळ्यावर होतीस त्या दिवशी. मला खरं सांग. बोल्टो होता?"

"ते... ते चित्र आहे, युल्कामावशी. चित्रात आपण मनानं घालतो काही."

"टोपीची वीण मी घातली होती. दोन उलट, एक सुलट. तू ती तशीच काढलीस. त्याचा पुढचा दात पडला होता, तोही काढलास. इतकं सगळं खरं आणि तेवढा एक माणूस मनाचा?"

बाबांची सुरी चालत होती. एक बटाटा, दुसरा बटाटा. युल्का दोघांकडे बघून म्हणाली, "मी काही त्याला मारायला जाणार नाही. मला फक्त माझ्या पोराचं काय झालं ते हवंय." आणि निघाली. फाटकापर्यंत मीच पोचवायला गेले.

मी परत आले तेव्हा टोन्कानं टेबलावरचे बटाटे टोपलीत लोटले होते आणि तिथं काच मांडली होती. मे महिना. शेतात हात कमी पडतात, त्या दिवसांत आमच्याकडे कोणी ब्रश धरत नाही. धरला तर लोक म्हणतात, घरात कोणी आजारी आहे का. तिनं जुना रेखाटनाचा कागद काढला, खिडकीच्या तावदानाला लावला आणि मागच्या बाजूनं पेन्सिलीनं सगळ्या रेषा पुन्हा ओढल्या. मग ती बाजू वर करून तो काचेखाली सरकवला. बाबा समोरच बसलेले. उठले नाहीत.

जे पुढं आहे ते आधी. म्हणून तिनं सुरुवात ओसरीवरच्या माणसापासून केली. कोटाची बटणं. मिशीचे पांढरे केस, एकेक. बाबा बघत होते. आपली मिशी आपल्याच मुलीच्या ब्रशातून उतरताना त्यांनी बघितली. मला तिथं उभं राहवेना, आणि जाववेनाही.

"काय काढतेस?" त्यांनी विचारलं. त्यांना कळलं नव्हतं असं नाही.

"तेच. या वेळी सुलट."

ब्रश चालत राहिला. बोटं आली, कोपरावर घडी घातलेली.

"हात चुकलेत," बाबा म्हणाले.

टोन्कानं वर बघितलं.

"घडी नव्हती घातली. तुला मागून काय दिसणार? मी खांब धरला होता. दोन्ही हातांनी, छातीशी." त्यांनी टेबलाची कड तशी धरून दाखवली, नखं पांढरी होईपर्यंत. "होडीची गाठ मी सोडली होती. एक पाय होडीत टाकायचा होता. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला कोणालाच ठाऊक नाही. आयुष्यभर नदीकाठी राहिलो. मी स्वतःला म्हणत होतो, सोड, सोड खांब. हात सुटेनात. होडी तशीच वाहून गेली. मग पोर गेलं."

"होडी तर बांधलेली होती, बाबा. मला दिसली."

"दुसऱ्या दिवशी बांधलेली बघितलीस. बांधावर सापडली ती मी आणून बांधली. त्या वेळी बांधलेली नव्हती."

टोन्कानं ब्रश टेबलावर ठेवला. तिला ओसरीवरच्या माणसाची फक्त पाठ दिसली होती. घडी घातलेले हात, बांधलेली होडी, ते शांतपणे बघणं, हे सगळं तिनं दोन वर्षं मनात भरत भरत तयार केलं होतं, इतकं चांगलं की तिला ते आठवल्यासारखं वाटत होतं. ती रडली नाही. तिनं चाकू घेतला आणि काचेवरचे ओले हात खरवडायला लागली. म्हणाली, "दाखवा पुन्हा. कसे धरले होते?"

बाबांनी पुन्हा टेबलाची कड धरली. ती रंगवून होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

चित्र वाळायला वेळ लागला. वाळल्यावर एका रविवारी चर्च सुटताना बाबा ते छातीशी धरून दारात उभे राहिले, चित्राची बाजू लोकांकडे करून. लोक येत होते, बघत होते, खाली मान घालून पुढं जात होते. घंटावाला थांबला, बघितलं आणि म्हणाला, "नदी बरोबर वाहतेय आता." कोणी हसलं नाही.

बोल्टोकाका शेवटी आले. बराच वेळ बघितलं. त्यांची ओसरी रिकामी होती.

"तुझ्या घराजवळून जाताना माझी बायको दोन महिने रडत गेली, इम्ब्रा," ते म्हणाले. "तू खिडकीतून बघत होतास."

"बघत होतो," बाबा म्हणाले.

"बरं." टोपी घालून ते निघून गेले. टोन्का त्यांच्यामागे धावली, "काका, चूक माझी आहे, कागद मी..." त्यांनी मागं न बघता हात हलवला, नको म्हणून.

युल्कानं चित्राकडे फार वेळ बघितलं नाही. तिनं बाबांना विचारलं, "त्यानं मला हाक मारली?"

"नाही," बाबा म्हणाले. "कुत्र्याला धरा, असं ओरडत होता. कुत्रं पुढं वाहत होतं. 'कुत्र्याला धरा, काका.' दोनदा म्हणाला."

युल्का चर्चच्या पायरीवर बसली. दोन वर्षं ती हेच शोधत होती, की माळ्यावर सुरक्षित ठेवलेलं पोर खाली कशाला उतरलं. ब्लाझचं ते कुत्रं पुरातून पोहून निघालं होतं. त्या दिवसांतही तिच्या दारात बसलेलं असायचं.

बाबांनी ते चित्र युल्काला दिलं. बाबा त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत हात इतके कापायचे की मीच भरवायचे. बोल्टोकाका मातीला आले, खड्ड्यात मूठ टाकली, जेवायला थांबले नाहीत. त्यांनी ओसरी विटांनी बंद करून घेतली. त्रेझा पुन्हा भट्टीवर यायला लागली, सगळ्या तिला हाका मारायच्या, जरा जास्तच मारायच्या. ती हसून उत्तर द्यायची, पण स्वतःहून कोणाला हाक मारलेली मी ऐकली नाही. दोघं नंतर मुलाकडे झाग्रेबला गेले आणि तिथंच वारले.

युल्कानं त्या दिवसानंतर कुत्र्याला घरात घेतलं नाही, हाकललंही नाही. ती ब्याण्णव वर्षांची होऊन गेली. लात्स्को मास्तर गेले तेव्हा त्यांच्या खाटेखाली अर्धवट रंगवलेल्या चाळीस काचा सापडल्या. सगळ्यांवर फक्त डोळे. माझा मिश्को चौदा वर्षांनी परत आला, दोन वर्षं राहिला, पुन्हा गेला, पुन्हा आला. आता अंगणात पलीकडं बसलाय, बहिरा झालाय, सुखी आहे.

पहिलं चित्र त्या गळ्यात रुमाल बांधलेल्या गृहस्थाकडून मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात गेलं. ते दिनदर्शिकांवर छापतात, माझ्या नातीनं फोनवर दाखवलं. टोन्का ते परत मागायला दोनदा बसनं गेली होती. तिथल्या बाई फार प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, "अहो, हे तुमचं सर्वांत श्रेष्ठ काम आहे. कोणत्या घराची ओसरी, यानं चित्रात काय फरक पडतो?"

टोन्का मरेपर्यंत रंगवत राहिली. तिची चित्रं पुढं अधिकच चांगली झाली, जाणकारही तसंच म्हणतात. माणूस काढायचा असला की ती आधी त्याच्या घरी जाऊन समोर बसायची, हात कसे ठेवतोस दाखव म्हणायची. लोक तिला चक्रम म्हणायचे. कोणी तिच्या पुराच्या चित्राचं कौतुक केलं तर ती उठून आत निघून जायची, आणि पाहुण्यांशी बोलायला मीच उरायचे.